पाण्याची टाकी (मोठी)

दुपारी सव्वाबाराला मी विद्यापीठाच्या एका परिपत्रकावर आवक क्रमांक टाकत होते, तेवढ्यात टेबलावरचा मोबाईल थरथरला, मी नजर टाकली, आणि ४१२ लिहायचं तिथं ४४०७ लिहून बसले. अकरा वर्षांच्या नोकरीत आवक रजिस्टरात माझी खाडाखोड नाही. प्राचार्य बदलले, जिल्ह्याचं नाव बदललं, शिक्के बदलले. माझं रजिस्टर स्वच्छ. आणि आज एका ओळीच्या संदेशाने हात घसरला. ‘प्रिय ग्राहक, आपल्या जोड क्रमांक …४४०७ वरून रु. ३९ ची गेम खरेदी विनंती. वस्तू : पाण्याची टाकी (मोठी). मंजुरीसाठी १, नकारासाठी २ पाठवा. विनंती दहा मिनिटांत रद्द होईल.’ कंपनीला मी प्रिय आहे. तेवढं तरी कुणीतरी लेखी कळवतं. असे संदेश संक्रांतीपासून येत होते. आधी नुसतं ‘गेम खरेदी’ एवढंच असायचं आणि मी दरवेळी, समोरच्या माणसाशी बोलता बोलता, न बघता १ दाबायची. पैसे बिलातून जाणार, बिल नवरा भरणार, मग माझ्या अंगठ्याला काय जड झालं? उलट वाढू दे, वाढू दे, म्हणत मी ते बटण चमचाभर तूप वाढावं तशी दाबत होते. आज मात्र कंपनीने वस्तूचं नाव घातलं होतं. पाणी. आणि त्या नंबरावरून पाणी मागितलं जावं, तेही माझ्याकडे! दहा मिनिटं मी त्या अक्षरांकडे बघत राहिले. विनंती आपोआप रद्द झाली. मग मी ४४०७ वर सरळ पट्टी धरून एक रेघ मारली, शेजारी सही केली, आणि डबा न खाता बसून राहिले.

४४०७ हे माझ्या नवऱ्याच्या धंद्याच्या नंबरचे शेवटचे आकडे. नवरा म्हणजे बिभीषण. कागदावर अजून माझा, कागदाबाहेर पंकजा नावाच्या बाईचा. तिसगावच्या अलीकडे त्याचं गाव, आणि पंचक्रोशीत त्याचा मंडपाचा धंदा. आमचं लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी, दोन हजार नऊ साली, सिमकार्ड घ्यायला आम्ही पाथर्डीला गेलो. त्याचं रेशनकार्ड बापाच्या नावावर, मतदार यादीत तो नव्हताच, आणि माझं ओळखपत्र माहेरून आणलेलं कोरं करकरीत. “तुझ्याच नावावर घिऊ. आपलं काय येगळं हाय का?” म्हणाला. ते वाक्य मी जपून ठेवलंय. मग त्या नंबराने गाव व्यापलं. करंजीच्या घाटापासून शेवगावपर्यंत भिंतींवर, पुलांच्या कठड्यांवर, एसटीच्या थांब्यांवर निळ्या रंगात तो नंबर आहे. मंडपवाल्याची भांडी लग्नातून परत यायची तर त्यांच्यावर खूण हवी. लोक बापाचं नाव घालतात, ह्याने नंबर घातला. पातेली, पराती, झारे, पिंपं. नाव घालणारा चार दिवस ओट्यावर बसून करकर करत होता, आणि प्रत्येक पातेल्याच्या काठावर माझ्या मालकीचे दहा आकडे कोरत होता. तेव्हा ते मलाही कळलं नव्हतं.

कळलं ते बैठकीत. दोन हजार चौदाला पंच बसले, माझे वडील खाली मान घालून, बिभीषण मिशीवरून बोट फिरवत. सोन्याचं काय, भांड्यांचं काय, विचारलं. मी म्हटलं, काही नको. तो नंबर माझ्या नावावर आहे, माझ्या नंबराला जोडून दोन्हींचं बिल त्याने भरायचं, तो वापरील तोवर. पंच हसले. “येवढंच व्हय बाई?” एकजण म्हणाला, आणि चहा सांगितला. सोनं मागितलं असतं तर दोन दिवस घासाघीस झाली असती. हे एकमताने मंजूर. त्याने शहाणपणा केला असता तर त्याच आठवड्यात नंबर स्वतःच्या नावावर करून घेतला असता. पण त्यासाठी मला घेऊन कंपनीच्या दुकानात यावं लागलं असतं आणि म्हणावं लागलं असतं, दिपाली, एवढी सही दे. त्या घरातली माणसं घेतात, मागत नाहीत. मागितलं की खाली आलो, असा त्यांचा हिशोब. त्या न मागण्यावर मी अकरा वर्षं बसून आहे, कोंबडी अंड्यावर बसावी तशी. दर लगीनसराईला मनात येतं, एक अर्ज, एक सही, आणि चाळीस गावांतल्या नवरदेवांच्या बापांना तो नंबर लावल्यावर एक गोड बाई सांगेल, हा क्रमांक अस्तित्वात नाही. अस्तित्वात नाही! बिभीषण भिंती पुसत फिरतोय, पातेल्यांच्या काठांवर कानस मारतोय, असं चित्र रंगवत मी कितीतरी वेळा शांत झोपले आहे. केलं मात्र नाही. सूड पिकायला ठेवला होता म्हणा. किंवा एकदा वापरला की संपतो, ह्याची भीती होती.

संध्याकाळी सावेडीतल्या कंपनीच्या दुकानात गेले. तिथे काउंटरवर मुबश्शिरा नावाची मुलगी असते, आमच्याच कॉलेजातून बीकॉम झालेली. बोनाफाईड दाखल्यासाठी तीन वर्षं माझ्या खिडकीशी उभी राहिलेली, त्यामुळे मला अजून वचकून असते. तिने संदेश वाचला. “मॅडम, हे गेममधलं पाणी आहे. खरं नाही.”

“ते कळतंय गं. नगरमध्ये खरं पाणी एका बटणावर येतं का?”

ती हसली, आणि माझ्याच मोबाईलमध्ये तो खेळ उतरवून दिला. हिरवी वाडी नाव. पडद्यावर वांगी, मिरच्या, दोन शेळ्या, एक चिंचेचं झाड. पार वरच्या कोपऱ्यात विहीर. आणि पिवळं लुगडं नेसलेली, बोटाएवढी एक पोरगी. “टाकीत पाणी असलं की ही झाडाखाली बसते,” मुबश्शिरा सांगू लागली. “टाकी संपली की दोन हंडे घेऊन विहिरीवर जाते, येते, जाते, येते. वेळ लागतो, झाडं सुकतात. म्हणून लोक टाकी विकत घेतात. एसएमएसवरून होतं, कार्डबिर्ड लागत नाही, फक्त मुख्य नंबरवाल्याची मंजुरी.”

“आणि हे खेळतं कोण?”

“पोरं तर बंदुकांचं खेळतात. हे आमची नानी खेळते. म्हाताऱ्यांचं आहे हे, मॅडम.”

म्हातारी. मी दुकानातून बाहेर आले तर गुलमोहराखाली उसाचं गुऱ्हाळ, घुंगरांचा आवाज, माणसं रस पीत होती, आणि मी पायरीवरच थांबले. त्या घरात म्हातारी एकच. पंकजा असेल, बिभीषण असेल, असं समजून तीन महिने मी तूप वाढत होते. ते ताट माझ्या सासूचं, भीमाबाईचं होतं.

खात्री केल्याशिवाय मी नोंद करत नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या टेबलफोनवरून ४४०७ लावला. चौथ्या रिंगला उचलला गेला आणि चिंचेच्या बोटकासारखा आंबट तो आवाज, बारा वर्षांत एक तार सैल न झालेला, माझ्या कानात शिरला.

“हां, मंडपवाले. तारीख सांगा.”

मी शहरी बोलले, जरा नाकातून. “बिभीषणराव आहेत का?”

“त्यो साईटीवर. सून दुकानात. ह्यो फोन घरी माज्याकडंच असतो. तुमी तारीख सांगा, मी ध्यानात ठिवती. माजं ध्यान लई चांगलं हाय.”

“सोळा मे.”

“सोळा मे. बरं. मानसं किती?… थांबा वाईच, थांबा. माजी पोरगी हिरीवर निघाली.”

“कोण पोरगी?”

“अवो, ह्या मोबाईलातली. खेळ हाय त्यो. पानी सरलं की ती बिचारी दोन हंडे घिऊन हिरीवर जाती. लई लांब हाय हो हीर. दमती लेकरू. मला न्हाई बघवत. म्हनून मी टाकी घेती. दाबलं की टाकी. काल मातुर दिली न्हाई कंपनीनं, काय झालं कुनास ठाव. न्हाईतर लई चांगली मानसं, लगीच देत्यात.”

मी फोन ठेवला.  मला न्हाई बघवत, ती म्हणाली. हे वाक्य मी दिवसभर आवक आणि जावक दोन्ही रजिस्टरांच्या मध्ये घेऊन बसले, कुठे चढवावं कळेना. दोन हजार तेराच्या मे महिन्यात आमच्या गावात टँकर चौथ्या दिवशी यायचा आणि पाणी गावविहिरीत ओतायचा. तिथून पोहऱ्याने शेंदायचं. आमच्या अंगणात सिमेंटचा हौद होता, लोखंडी झाकणाचा, झाकणाला कुलूप, कुलपाची किल्ली भीमाबाईच्या कनवटीला. हौदातलं पाणी धंद्याचं, घरचं विहिरीवरून. मला पाचवा महिना होता. पहिल्या हंड्याला ती ओट्यावर बसून वाती वळत होती, तिसऱ्या हंड्यालाही वातीच वळत होती. ऊन असं की विहिरीच्या काठावरचे दगड चपलेतून लागत. बायका म्हणाल्या, अगं तू कशाला आलीस, सासू कुठंय? मी म्हटलं, सासूचे गुडघे दुखतात. तेव्हा मीही तिची बाजू मांडत असे. पाचव्या हंड्याला पोटात कुणीतरी दोर ओढावा तसं झालं. घरी पोचेपर्यंत पायावरून ओघळ आलेला, हंडा वाटेत टाकलेला. अंगणात दुसऱ्या दिवशीच्या लग्नाची पातेली मांडलेली, नव्याने नंबर कोरलेली, आणि गडी हौदातल्या पाण्याने ती धूत होता, घळाघळा. मी भिंतीला धरून म्हटलं, आत्याबाई, एक बादली द्या, अंग धुते. तिने माझ्या पायांकडे पाहिलं. पाहिलं, तिला बघवलं. कनवटीवर हात ठेवला आणि म्हणाली, “उद्या टँकर आला की बगू.” ना चिडून, ना ओरडून. मीठ जरा कमी टाक म्हणावं तसं. शेवटी त्या गड्यानेच मान वळवून पातेलं विसळलेलं पाणी माझ्यापुढे सरकवलं. त्यात चिंचेने घासलेल्या पितळेचा वास होता. तो वास अजून येतो, कुठेही, विशेषतः लग्नात पंगतीला बसलं की. बिभीषण साईटीवर होता. तो आयुष्यभर साईटीवरच होता.

पंधरा दिवसांनी दवाखान्यातून परत आले. पहिल्याच सकाळी रोजच्यासारखा तांब्या भरून तिच्यापुढे ठेवला. तिने तो पायाने सरकवला. शेजारच्या दोघी ओट्यावर होत्या, त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “घर बुडवलंस. कानिफनाथाची आन हाय, तुज्या हातचं पानी हितून फुडं मला वर्ज्य.” तांब्या आडवा झाला, पाणी ओट्यावरून मातीत गेलं, आणि दुष्काळात सांडलेल्या त्या तांब्याभर पाण्याकडे दोघी शेजारणी माझ्यापेक्षा जास्त हळहळून बघत राहिल्या. तिने आण पाळली. चार महिने मी त्या घरात होते. तहानेने जीभ टाळूला चिकटली तरी ती माझ्या हातून घोट घ्यायची नाही, पोरगा येईपर्यंत थांबायची. चुलीवरच्या आमटीतलं पाणीसुद्धा स्वतः ओतायची. पाळण्याच्या बाबतीत बाई पक्की. बाईच्या हातचं पाणी न घेणं म्हणजे काय, हे आमच्याकडे समजावून सांगावं लागत नाही. बिभीषणने पंकजाला आणली ती त्या आणेच्या आधारावर.

आता हा खेळ. मला न्हाई बघवत. म्हटलं, बघ. त्या दिवशी दोन वाजता संदेश आला, पाण्याची टाकी (मोठी), आणि मी स्वतःच्या हाताने २ दाबला. साडेचारला पुन्हा. २. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, मग पावणेअकराला, मग एकला. २, २, २. प्रत्येक नकारानंतर मी माझ्या मोबाईलातली हिरवी वाडी उघडायची, टाकी रिकामी ठेवायची आणि पिवळ्या लुगड्याच्या पोरीला विहिरीवर जाताना बघायची. कारण तिथे, करंजीच्या घाटापलीकडे, ओट्यावर बसून भीमाबाई तेच बघत असणार. जाते, येते, जाते, येते. हंडे उतरवून कंबरेवर हात ठेवते, कपाळ पुसते, पुन्हा जाते. ज्याने कुणी हा खेळ केला त्याने ते कपाळ पुसणं कुठून पाहिलं असेल? प्राचार्यांनी विचारलं, “दिपालीताई, आज खुशीत?” मी म्हटलं, हो सर, आमच्याकडे पाणीकपात आहे. ते जरा गोंधळून गेले. खरंच खुशीत होते. जेवण गोड लागत होतं. वाटायचं, नंबर बंद करणं म्हणजे काय, एका घावात मारणं. ह्याला म्हणतात रोज शेंदायला लावणं. मधूनच एक वाकडा विचार यायचा, की म्हातारीला त्या पोरीची कीव का येते, कुणाची आठवण येऊन येते? मी तो विचार आल्या पावली परत पाठवत होते. पश्चात्ताप असेलही. असेल तर तो माझ्या नावाने आलेला नाही. एका चित्राच्या नावाने आलाय. चुकीच्या पत्त्यावर आलेलं टपाल मी फोडत नाही.

चौथ्या दिवशी, दुपारी, माझा मोबाईल वाजला. पडद्यावर तोच नंबर. अकरा वर्षांत त्या नंबरावरून मला एकही फोन आला नव्हता. कुणाचा असेल, बिभीषणला कळलं असेल का, म्हणून मी उचलून गप्प राहिले.

“ओ कंपनीवाल्या बाई,” भीमाबाई म्हणाली. “हितं मोबाईलात लिवलंय म्हनं, मंजुरी मिळत न्हाई, मुख्य नंबराला इचारा. शेजारच्या मास्तरीनबाईनं वाचून दिलं आन् लावून दिला. चार दीस झालं, पानी न्हाई माज्या वाडीत. आमी काय बिल बुडवलं का?”

 रेकॉर्डरूममध्ये जाऊन दार लावलं. जुन्या दाखल्यांच्या गठ्ठ्यांवर धूळ, खिडकीतून ऊन.

“ऐकू येतंय का? अवो बाई, पोरगी नुसती हेलपाटं घालती. माजं जेवान जाईना. हसू नका, म्हातारं मानूस हाय मी. ही कामाची येळ, फोन घिऊन बसावं लागतं, दुसरा काय इरंगुळा न्हाई मला. ती पंकजा त्वांड उगडत न्हाई माज्याशी. एवडी एक टाकी सोडा की.”

मागत होती. भीमाबाई मागत होती. मी बारा वर्षं वाट पाहिलेली गोष्ट अशी, भलत्याच वेषात, टाचा घासत माझ्या दारात उभी होती, आणि माझ्या पोटात तोच दोर पुन्हा ताणला गेला. बोलायचं ठरवलं नव्हतं. वाक्य आपणहून बाहेर आलं, माझ्या तोंडून, तिच्या चालीत, मिठाएवढं सहज.

“उद्या टँकर आला की बघू.”

 पलीकडे एक कोंबडी ओरडली. नंतर खूप हळू, “दिपे?”

“माझं ध्यानही चांगलं आहे, आत्याबाई.”

“तू कंपनीत हाय व्हय?”

“मीच कंपनी. तो नंबर माझा आहे. संक्रांतीपासून प्रत्येक टाकी मी सोडली. माझ्या अंगठ्याने. तीन महिने तुम्ही माझ्या हातचं पाणी घेताय.”

मला वाटलं शिव्या देईल. त्यासाठी मी तयार होते. तिच्या शिव्यांची मला सवय होती, त्यांना उत्तरं तयार करून बारा वर्षं झाली होती.  ती म्हणाली, “नंबर बंद करू नगं. लगीनसराई हाय.” आणि फोन कट. क्षमा नाही, बाळाचा शब्द नाही. लगीनसराई हाय! मी गठ्ठ्यांवर डोकं टेकून हसले, मग हसणं कधी थांबलं आणि ते दुसरं कधी सुरू झालं मला कळलं नाही. शिपाई दार ठोठावत होता, बाई, जावक घ्यायचंय.

त्यानंतर संदेश बंद. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. तिला कळलं कुणाचा हात आहे, आणि आण पुन्हा लागू झाली. नाथाची आण मोबाईललाही चालते, हे मला आधी कळायला हवं होतं. बिभीषणचा फोन येईल असं वाटलं, तोही नाही. म्हणजे तिने त्याला सांगितलं नव्हतं. सांगायचं तर काय सांगेल? मी खेळते, आणि ती देते? मी दर दहा मिनिटांनी मोबाईल बघायची. टेबलावर तो उताणा ठेवायची, थरथरला तर दिसावा म्हणून. जेवण पुन्हा बेचव. रात्री झोपायच्या आधी जे चित्र बघून मी वर्षानुवर्षं शांत व्हायची, बिभीषण कानस घेऊन पातेली घासतोय ते, त्याचा रंग उडाला होता. हिने न मागून माझ्या हातातलं काढून घेतलं होतं. पुन्हा एकदा, काही न करता, नुसतं कनवटीवर हात ठेवून. नवव्या दिवशी मी ठरवलं, पुरे. तो दिवस सोळा मेचा होता, दाट तिथीचा, त्या एका दिवशी बिभीषणचे सात मंडप असणार. सकाळी रजा टाकली आणि दुकान उघडायच्या आधी पायऱ्यांवर जाऊन बसले.

मुबश्शिराने शटर वर केलं, पंखा लावला, अर्ज काढून दिला. मी भरला. नंबर दहा आकड्यांत, कारण ‘वैयक्तिक’. सही केली; माझी सही लग्नाआधीचीच आहे, ती कधी बदलली नव्हती. “मॅडम, एकदा बंद झाला की हा नंबर परत नाही मिळत,” ती म्हणाली. “कुणाचा धंद्याचा दिसतोय. करंजीच्या घाटात भिंतीवर बघितलाय मी हा.”

“माझाच आहे.”

“करू मग?”

आणि मोबाईल थरथरला. तिच्या काउंटरच्या काचेवर ठेवलेला, काचेसकट वाजला. ‘प्रिय ग्राहक, आपल्या जोड क्रमांक …४४०७ वरून रु. ९ ची गेम खरेदी विनंती. वस्तू : पाण्याची टाकी (लहान).’

लहान. मी तो शब्द पुन्हा वाचला. मोठी नाही, एवढीशी, नऊ रुपयांची, पोरीचे दोन हेलपाटे वाचतील एवढी. घरातला फोन, सकाळची वेळ, बिभीषण साईटीवर, पंकजा दुकानात, आणि ओट्यावर बसून, कुणाचा हात आहे हे पुरतं ठाऊक असताना, नाथाची आण गिळून भीमाबाईने ते बटण दाबलं होतं. नऊ दिवस त्या पोरीला विहिरीवर जाताना बघून मग दाबलं होतं. मला तिच्या अंगठ्याचं नख दिसलं, हळदीने पिवळं. जिंकले, असं मनात म्हणून पाहिलं. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं.

“मॅडम? करू ना बंद?”

“अर्ज दे इकडे.”

“रद्द?”

“रद्द नाही. सही केलेला आहे, तसाच माझ्याकडे राहू दे.” मी त्याची चौघडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली, आणि भिंतीला लावलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसले. मोबाईल मांडीवर. दोन मिनिटं झाली होती. दुकानात गिऱ्हाईक आलं, कुणाचं तरी सिम चालत नव्हतं. चार मिनिटं. तिकडे पोरगी हंडे उचलून निघाली असेल. पाच. विहिरीपाशी पोचली असेल, शेंदत असेल. सहा. मुबश्शिरा मधूनमधून माझ्याकडे बघत होती. बोनाफाईडच्या खिडकीशी मी तिला किती थांबवलं असेल कुणास ठाऊक, आता तिने चहा सांगितला, मी नको म्हटलं. सात. पोरगी परत येत असेल, कंबरेवर हात ठेवून कपाळ पुसत असेल, आणि म्हातारी पडदा नाकाशी धरून ते बघत असेल, कधी पडद्यावरच्या घड्याळाकडे, कधी त्या वाटेकडे. आठ. बघ, आत्याबाई. नीट बघ.

नऊ मिनिटं पुरी झाल्यावर मी १ दाबला.